पुढच्या दोन साखळ्या

भाऊजी,

तुमच्या तेराव्याला जेवायला बसलेल्या जवळजवळ प्रत्येकाने एकदा तरी म्हटलं, की एवढा जपून काम करणारा माणूस, आणि साखळ्या लावायलाच विसरला. आयटीआयमधले तुमचे जुने विद्यार्थी होते, आता त्यांचेच केस पिकलेत. मक्सी रोडचे ट्रकवाले होते. "मास्साब से चूक हो गई, भिया," एक जण म्हणाला, आणि शेजारच्याने मान हलवली, "उमर हो जाती है." मी मठ्ठा वाढत होतो. तुमचा मेहुणा, तुमच्या गाडीचा ड्रायव्हर, आणि त्या सकाळी तिथे हजर असलेला एकमेव माणूस मी. आणि मी "अजून घ्या" एवढंच म्हणत पंगतीतून फिरलो.

तुम्ही विसरला नव्हतात. त्या दिवशी जे झालं ते माझ्या हातून झालं. हे कागदावर यायला पंधरा दिवस लागले, आणि लिहितोय तेसुद्धा तुम्हाला, म्हणजे जे आता मला काही बोलू शकत नाहीत त्यांना. यातला भित्रेपणा मला कळतो. तुम्ही असता तर म्हणाला असतात, "साळेबुवा, प्रस्तावना पुरे."

साळेबुवा! उज्जैनमध्ये 'साला' ही शिवी, म्हणून तुम्ही चारचौघांत मुद्दाम ठसक्यात हाक मारायचात आणि बघणारे चमकले की खूश व्हायचात. साताऱ्याकडून इथे आयटीआयमध्ये शिकवायला आलात, आमच्या ताईशी लग्न केलंत, आणि तीस-बत्तीस वर्षं इथे काढूनही तुमचं मराठी काही उज्जैनचं झालं नाही. मी "काय करून राहिले भाऊजी?" म्हटलं की तुम्ही कपाळाला हात लावायचात. रिटायर झाल्यावर लोक महाकालच्या दर्शनाला जातात, नातवंडं खेळवतात. तुम्ही सपाट पाठीचा ट्रक घेतलात, ट्रॅक्टर वाहायला. नवे ट्रॅक्टर एजन्सीतून गावात, बिघडलेले गावातून वर्कशॉपमध्ये. मी तेव्हा ट्रॅव्हल्सची बस चालवत होतो. "माणसं पुष्कळ वाहिलीस," तुम्ही म्हणालात, "आता ट्रॅक्टर वाहू. तो एसी चालू करा म्हणून ओरडत नाही."

मला पहिला धडा तुम्ही माधव नगरच्या घरात, स्वयंपाकाच्या ओट्याशी दिलात. ताईचा लोखंडी खल पाटावर ठेवलात, तिच्या परकराच्या दोन नाड्या त्याच्यावरून आडव्या टाकून घट्ट बांधल्यात आणि मला म्हणालात, "उचल पाट एका बाजूने." मी उचलला. खल नाड्यांखालून सरकला आणि खाली पडला, एक फरशी तडकली. ताई धावत आली. तुम्ही तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. आणखी दोन नाड्या मागितल्यात. या वेळी चार नाड्या चार कोपऱ्यांना, पुढच्या दोन खलाला पुढे ओढणाऱ्या, मागच्या दोन मागे ओढणाऱ्या. पाट जवळजवळ उभा केला तरी खल जागचा हलला नाही. "गाडीने ब्रेक मारला की ट्रॅक्टर पुढे जायला बघतो, त्याला मागच्या दोन धरतात," तुम्ही सांगत होतात. "गाडी उचलली की तो मागे यायला बघतो, त्याला पुढच्या दोन धरतात. एकीचं काम दुसरी करत नाही, विनायक. तीन लावल्या म्हणजे पाऊण काम झालं असं समजू नकोस." ताई म्हणाली, "माझ्या नाड्या सोडा आधी."

ती तडकलेली फरशी अजून तशीच आहे. परवा मी तिच्याकडे बघत बसलो होतो तर ताईला वाटलं मला चक्कर येतेय, तिने पाणी आणून दिलं.

तुमची कामाची रीत मला पाठ होती, आणि खरं सांगतो, तिचा मला कंटाळा होता. ट्रॅक्टर वर चढवला की आधी चाकांना पुढून-मागून लाकडी गुटके. मग गियर टाकायचा, हँडब्रेक ओढायचा, मागचे अवजार उचलायचे हात पार खाली. सायलेन्सरच्या तोंडावर पत्र्याचा डबा, नाहीतर वाऱ्याने आतला पंखा तेलाविना फिरत राहतो. बॉनेटवरून पट्टा. मग साखळ्या, आणि त्यांचे आकडे जाड ॲक्सलला. स्टिअरिंगच्या दांड्याला कधी नाही, तेलाच्या पाइपावरून कधी नाही. प्रत्येक साखळीला तो ताणायचा दांडा, रॅचेट, त्याच्यावर तुमच्या पूर्ण अंगाचा भार. एवढं करून निघालं की चार-पाच किलोमीटरवर परत थांबायचं, कारण टायर दबतात आणि साखळी सैल पडते. मी म्हणायचो, आत्ताच तर कसल्या! तुम्ही तोवर उतरलेले असायचात. एकदा खरोखरच मागची एक लोंबायला लागलेली निघाली. तुम्ही ती ताणलीत, वर येऊन बसलात आणि बटाट्याच्या भावाबद्दल बोलायला लागलात. मला बोलला असतात तर बरं वाटलं असतं.

आणि तो नवा ट्रॅक्टर आठवतो? झेंडूच्या माळा घातलेला, बॉनेटवर कुंकवाचा स्वस्तिक. मालकाच्या वडिलांना गावात शिरताना त्या ट्रॅक्टरच्या सीटवर बसायचं होतं, ट्रकवर असतानाच. सगळं गाव बघणार होतं. तुम्ही हात जोडलेत, "बाबूजी, बैठना है तो मेरे पास केबिन में बैठो. ऊपर कोई नहीं." ते म्हणाले मुहूर्त निघून चाललाय. तुम्ही म्हणालात जाऊ द्या. ते म्हणाले, दुसरी गाडी बोलावतो. तुम्ही साखळ्या सोडायला घेतल्यात, खरंच! शेवटी म्हातारबाबा केबिनमध्ये बसले आणि गाव येईपर्यंत तोंड फिरवून होते. तिथे आपल्याला कोणी पाणी विचारलं नाही. परतताना मी तुमच्यावर सगळा रस्ता चिडलो होतो. तुम्ही डब्यातली भेंडी खाल्लीत आणि "तुझ्या ताईने मीठ कमी घातलंय" एवढंच म्हणालात.

आपलं खरं भांडण एकाच गोष्टीवरून होतं, आणि ते अर्धंच राहिलं. तुमचं म्हणणं होतं की निघायच्या आधी ड्रायव्हरने स्वतः खाली उतरायचं, गाडीभोवती फेरी मारायची, चारही साखळ्यांना हात लावून बघायचा, मग स्टिअरिंगला बसायचं. मला तो अपमान वाटायचा. मी इंजिन चालू करून ब्रेकसाठी हवेचा प्रेशर भरत बसलेला असायचो, मागे तुम्ही शेवटचं कसत असायचात. मी कशाला उतरू? तुम्ही बांधलंय ना? "मी बांधलंय म्हणूनच तू बघ," तुम्ही म्हणायचात. "ज्याने बांधलं त्याला आपली चूक दिसत नाही." मी म्हणालो होतो, "मी काय तुमच्या वर्गात आहे का, हजेरी लावायला?" टॉवर चौकात पोहे खात असताना म्हणालो होतो, आणि जरा मोठ्यानेच, आजूबाजूच्यांनी वळून बघितलं. तुम्ही जिलबीचा तुकडा मोडत होतात, तो बशीत ठेवलात. मग म्हणालात, "बरं. नको उतरूस. पण मी आवाज दिल्याशिवाय हलायचं नाही."

आवाज कोणता, तेही तुम्हीच ठरवलंत. शेवटची साखळी ताणून झाली की तुम्ही मागून ओरडायचात, "कसलं!" म्हणजे झालं घट्ट, चल. तुम्ही विचार करून निवडला होता तो शब्द. इथे रस्त्यावर सगळं हिंदी, मराठी शब्द दुसऱ्या कोणाच्या तोंडून यायचाच नाही, त्यामुळे घोटाळा नको. आणि मी काय केलं? पहिल्याच दिवशी केबिनमधून ओरडलो, "कसलं? कसलं काय, भाऊजी?" दुसऱ्या दिवशी, "कसलं हो, भेंडीचं?" तुम्ही आधी हसलात. नंतर चिडलात. मी आठवडाभर थांबलो नाही, मला फार विनोदी वाटत होता मी स्वतःला. मग एक दिवस तुम्ही ओरडलात ते "जय महाकाल!" मी गाडी काढली. तुम्ही वर येऊन म्हणालात, "हे तरी समजलं ना?" मी म्हणालो, "हे कोणाला नाही समजणार?"

कोणाला नाही समजणार. या शहरात भाजीवाला भाजी तोलताना तेच म्हणतो, फोन उचलताना तेच, ठेवताना तेच, समोरून ओळखीचा गेला तर हात वर करून तेच. तुम्ही एकदा म्हणालाही होतात, "अख्खं गाव हेच बोलतं रे विनायक. हे काही बरोबर नाही. दुसरं काहीतरी ठरवू." मी म्हणालो, ठरवू. ते ठरवायचं राहिलं.

त्या दिवशी आपण भैरवगढच्या पुढे होतो. ट्रॅक्टर जुना, गियरबॉक्स उघडलेला, म्हणजे गियर धरणार नाही. हँडब्रेकही नावालाच. तुम्ही ट्रॅक्टरकडे बघितल्याबरोबर म्हणाला होतात, "याला आज फक्त साखळ्या धरणार आहेत." दुसऱ्या ट्रॅक्टरने ढकलून तो वर चढवला आणि मालक त्याच ट्रॅक्टरवरून घरी कागद आणायला गेला. तुम्ही मागच्या साखळ्या घेतल्यात, मला पुढच्या दोन लावायला सांगितलंत. मी लावल्या, स्टिअरिंगच्या दांड्याला. ॲक्सलपर्यंत वाकावं लागत होतं आणि ट्रकच्या पाठीवर टायरांचा चिखल होता. तुम्ही पुढे येऊन बघितलंत. दोन्ही साखळ्या सोडल्यात, ट्रकच्या केबिनमागच्या जाळीवर नीट अडकवून ठेवल्यात आणि म्हणालात, "आता मागच्या सैल पडल्या असतील. आधी त्या ताणतो, मग पुढच्या मीच लावतो. तू बैस." ते "तू बैस" मला झोंबलं. मी केबिनमध्ये चढलो, दार आपटलं, इंजिन चालू केलं आणि मोबाइल काढला.

किती वेळ गेला, सांगता येत नाही. मी एक क्रिकेटचा व्हिडिओ बघत होतो. मग मागून तुमचा आवाज आला, "जय महाकाल!" खणखणीत. मी आरशात बघितलं असेल, आठवत नाही. बघितलं असतं तरी ट्रॅक्टरचं टायर दिसलं असतं, तुम्ही नाही. मान मागे वळवली असती तर काचेतून त्या दोन साखळ्या जाळीवर लोंबताना दिसल्या असत्या, माझ्यापासून हातभर अंतरावर. मी क्लच सोडला. गाडी जेमतेम वीतभर पुढे गेली, भाऊजी. वीतभर. गुटका निसटल्याचा आवाज आला, मग ट्रॅक्टर मागे, तुमच्याकडे गेला आणि ट्रकची पाठ एकदम हलकी झाली.

पुढचं मी लिहीत नाही. तुम्ही हॉस्पिटलपर्यंत शुद्धीवर नव्हतात, एवढं ताईला मी खरं सांगितलंय.

पोलिसांनी विचारलं, "गाड़ी चल रही थी क्या?" मी म्हणालो, "इंजन चालू था, गाड़ी खड़ी थी." ते वाक्य मी ठरवलं नव्हतं, तोंडातून निघालं, आणि निघाल्यावर मी ते परत घेतलं नाही. त्यांनी वर चढून बघितलं. मागच्या साखळ्या अर्धवट, पुढच्या दोन जाळीवर साफ अडकवलेल्या. "आगे की तो लगाई ही नहीं," हवालदार म्हणाला. मालक परत आला होता, त्याने ऐकलं. संध्याकाळपर्यंत मक्सी रोडला पोचलं, आणि तिथून सगळीकडे, की मास्तर पुढच्या साखळ्या लावायलाच विसरले.

आता जे सांगतो ते सगळ्यात वाईट आहे. ते बारा दिवस मी स्वतःला गुन्हेगार समजत नव्हतो. हळहळत होतो, रडतही होतो, पण आत कुठेतरी म्हणत होतो, आवाज भाऊजींनीच दिला. त्यांनी "जय महाकाल" म्हटलं, मी निघालो. चुकून आधी म्हटलं असेल, वय झालं होतं. मी ते कोणाला सांगत नाही म्हणजे मी त्यांची लाज राखतोय, असंसुद्धा वाटायचं मला. तुमच्या फोटोला हार घालताना मी मनात तुम्हाला माफ करत होतो. मी, तुम्हाला!

आणि घरात काय चाललं होतं? ताई दिवसभर आठवत बसायची. गेल्या महिन्यात तुम्ही चष्मा टीव्हीवर ठेवून घरभर शोधला होता. एकदा गॅसवर दूध ठेवून पेपर वाचत बसलात. शेजारच्या काकूंचं नाव पटकन आठवलं नाही. "तेव्हाच मला समजायला हवं होतं, विनू," ती म्हणायची, "ते विसरायला लागले होते आणि मी त्यांना कामावर जाऊ दिलं." तुमची अश्विनी बंगळुरूहून आली होती, तिने हे सगळं ऐकलं. अकराव्या दिवशी तिने आईला विचारलं, "तुला दिसत होतं, आणि तू बाबांना ट्रकवर चढू दिलंस?" त्यानंतर त्या दोघी माझ्यासमोर एकमेकींशी कामापुरतंच बोलत होत्या. मी कोपऱ्यात पळी-पंचपात्र पुसत होतो.

तेराव्याला पंगती उठल्यावर गोविंद आला. भैरवगढचा छपाईवाला, ज्याच्याकडून ताई चादरी घेते. हात जोडून तुमच्या फोटोसमोर बसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायला लागला. "भाभीजी, मैं तो उसी टाइम उधर से निकला था. गाड़ी पे था, माल लेके. मास्साब पीछे खड़े थे, डंडा पकड़ के. मैंने दूर से ही बोला, जय महाकाल मास्साब! तो उन्ने एक हाथ उठाया और इत्ती जोर से बोले, जय महाकाल! मैं आगे निकल गया. वो ई आखरी बोल होंगे उनके." आणि बायका डोळे पुसायला लागल्या. कोणीतरी म्हणालं, पुण्यवान माणूस, जाताना मुखात देवाचं नाव. ताईने पहिल्यांदाच मान वर केली. तिला ते आवडलं. गोविंदाला तिने आग्रहाने लाडू दिला.

मी भिंतीला टेकून उभा होतो. मला तुमचा हात दिसला, रॅचेटच्या दांड्यावरून उचललेला, रस्त्याकडे. तुम्ही मला आवाज दिलाच नव्हतात. तुम्ही एका ओळखीच्या माणसाला नमस्कार केलात, बस. तुमच्याकडून काहीच चुकलं नव्हतं, दूध-चष्मा सोडून.

मी दोन दिवस काढले. पहिल्या दिवशी अश्विनी गेली. ताई दारापर्यंत गेली, अश्विनीने वाकून नमस्कार केला, रिक्षात बसली आणि मागे वळून बघितलं नाही. मी बॅग रिक्षात ठेवली होती. तेव्हाच बोलायचं होतं. बोललो नाही. मला ठाण्यात जावं लागेल, माझं लायसन्स जाईल, लोक काय म्हणतील, हे सगळं मी हिशोबात धरत होतो. आणि मुख्य म्हणजे ताई माझ्याकडे बघेल ते मला बघवणार नाही. आमचे बाबा गेल्यावर तिने मला शाळेत सोडलंय, माझे शर्ट शिवलेत. भाऊजी, मला तुमच्या मरणापेक्षा तिच्या बघण्याची जास्त भीती वाटली. हे लिहायला नको वाटतं, पण तसंच होतं.

आज सकाळी मी गेलो. ताई गहू निवडत होती. मी तिच्यासमोर खाली बसलो आणि म्हणालो, "ताई, भाऊजी विसरले नव्हते."

ती निवडत राहिली. म्हणाली, "आता तू नको समजूत घालूस."

मग मी सांगितलं. पुढच्या साखळ्या मी चुकीच्या लावल्या ते. तुम्ही त्या सोडून जाळीवर ठेवल्यात ते. "तू बैस" आणि मी दार आपटलं ते. मोबाइल. गोविंदाचा नमस्कार आणि तुमचं उत्तर, आणि मी क्लच सोडला ते. पोलिसांना खोटं बोललो ते. "कसलं" या शब्दाची मी आठवडाभर चेष्टा केली होती तेही सांगितलं. ते सांगताना मला रडू आलं, बाकीचं सांगताना आलं नव्हतं.

ताईचा हात ताटात तसाच होता. तिने विचारलं, "म्हणजे ते पुढच्या लावणारच होते?"

"हो. मागच्या झाल्या की."

"त्यांना माहीत होतं, लावायच्या राहिल्यात?"

"माहीत होतं, ताई. मला सांगून गेले होते."

"आणि तू मला पंधरा दिवस..." ती थांबली. मला वाटलं आता मारेल. मारलं असतं तर चाललं असतं. "मी त्यांच्या उशाशी भिजवलेले बदाम ठेवायला लागले होते रे, आठवण चांगली राहावी म्हणून," ती म्हणाली. "मला वाटलं, तेच उशिरा झालं. मी आधीच सुरू करायला पाहिजे होते, म्हणून मी रोज..."

मी तिचे पाय धरले. तिने पाय मागे घेतले. झटकले नाहीत, नुसते मागे घेतले आणि उठली. पदराने हात पुसले, टीव्हीजवळचा फोन उचलला आणि नंबर लावला. मला वाटलं ठाण्यात लावतेय, आणि तेही मला बरोबर वाटलं. मी उद्या तिथे जाणारच आहे, तसं मी तिला सांगितलंही होतं.

पलीकडून अश्विनीचा आवाज आला. ऑफिसमध्ये असावी, मागे माणसं बोलत होती. "आई, काय झालं? बरी आहेस ना?"

ताई म्हणाली, "बाबा विसरले नव्हते गं."

तिने फोन कानापासून दूर केला आणि माझ्यापुढे धरला. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू सांग. सगळं सांग, मला सांगितलंस तसं. तुझ्या पायी ती माझ्याशी बोलत नाही."

फोनमधून अश्विनी विचारत होती, "आई? कोण आहे तिथे? मामा आहे का?"

मी फोन घेतला आणि म्हणालो, "हो. मामाच आहे."